गार नळ्या

बुधवारी सुदामतीवन्संची अक्कलदाढ काढली.
डॉक्टर म्हणाले, चार दिवस गार खा, मऊ खा
आणि बोलू नका.
शेवटचं औषध घरातल्या सगळ्यांनी मनावर घेतलं,
वन्सं सोडून.

तरी गालात कापूस धरून त्या बाजाराला निघाल्याच.
मागे मी, पिशवी घेऊन.
पास्त्याचं सॅलड करते म्हणाले होते.
पुडा भाचीनं आणून ठेवलेला, सहा महिने डब्यामागे,
बाकीचं जिंतूरच्या बाजारात मिळेल असा माझा अंदाज.

एरवी वन्सं बाजारात शिरल्या
की आधी भाव घाबरतो, मग भाजीवाला.
आज तोंड बंद. फक्त हात.

मी ढिगाच्या माथ्यावरचे लालभडक टोमॅटो उचलले.
मनगटावर टिचकी.
त्यांनी मागच्या अंगाचे चार निवडले, देठ अजून हिरवे,
अंगठ्यानं हळूच दाबून,
झोपलेल्या लेकराला ताप आहे का बघावा तसं.
कोथिंबिरीची जुडी उलटी धरून झटकली,
पावशेर पाणी खाली पडलं,
आणि त्या भाजीवाल्याकडे नुसत्या बघत राहिल्या.
त्यानं आपण होऊन दुसरी जुडी दिली.
मक्याच्या दाण्यात नख. दूध आलं. घेतलं.
ढोबळी मिरची तळहातावर तोलली, ठेवून दिली,
देठाशी सुरकुती होती.
मला दिसलीही नव्हती.

जैबूनआपा वाळकं मांडून बसलेली.
"काय ओ बाई, आज उपास हाय का तोंडाला?"
वन्संनी गालाकडे बोट केलं, मग वाळकाकडे,
मग माझ्याकडे.
आपानं टोकाची चकती कापून दिली.
कडू! इतकं कडू की माझे डोळे मिटले.
वन्संनी माझ्या चेहऱ्यावरून चव घेतली
आणि दुसरं उचललं.
ते गोड निघालं.
त्यांची जीभ आज माझ्या तोंडात होती.

भाव बोटांवर झाला. आपाची पाच वर, वन्संची तीन.
मग पाठ फिरवून चालू लागल्या,
तेवढं तर बोलता येत असतानाही
न बोलताच करायचं असतं.
मी मागे राहिले क्षणभर.

घरी आलो तर लाईट नाही.
डीपी जळून दुसरा दिवस,
फ्रीजमधलं दूधसुद्धा शेजारच्या गावी पाठवलेलं,
आणि अश्विनाचं ऊन पत्र्यावर मुक्कामाला.
गार कसं करायचं?
आमच्या घरी गार म्हणजे शिळं.
पाहुण्याला गार वाढलं
तर तीन लग्नांपर्यंत ती गोष्ट पोचते.

नळ्या उकळल्या, शेंगोळ्यांपेक्षा जरा जास्त शिजवल्या, दाढेसाठी.
चाळणीत ओतल्या, वरून माठाचं पाणी.
वन्संनी परात ओढली, परातीत पाणी,
पाण्यात पातेलं, पातेल्यावर ओलं पंचं,
आणि सगळं मागच्या दाराच्या वाऱ्याला.
तिथं शेजारी बसून राहिल्या,
जणू पातेलं पळून जाईल.

वाळूक किसलं. मका उकडून ठेचला.
टोमॅटो बारीक, बिया काढून.
करडईचं तेल दोन चमचे, लिंबू, जिरेपूड,
शेंगदाण्याचा कूट अगदी पिठासारखा.
तिखट नाही. तिखटाच्या डब्याकडे त्यांनी
दोनदा पाहिलं,
माहेरच्या रस्त्याकडे बघावं तसं.

डाव्या बाजूनं खाल्लं. सावकाश.
मग चिमूट दाखवली. मीठ.
मी टाकलं.
वाटी रिकामी झाली, पुन्हा पुढे आली,
मी भरली, आणि घरात
चमच्याचा तेवढा आवाज.

रविवारी कापूस निघाला.
वन्संनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं,
चार दिवसांचं पहिलं वाक्य उच्चारलं:

"जैबूनला मागून पाच रुपये जास्तीचे दिलीस तू.
म्या बगितलं."